बाई तीच, अळू तेच, मग या वेळी घसा का खाजला? (आणि मुतखडावाल्यांनी रानभाजी खावी का)

घोडबंदरवाला

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरलं की पाऊस सुरू झाल्यावर शहापूर-मुरबाडकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात, त्यातल्या एका मावशींकडून मी गेली तीन वर्षं भाजी घेतोय. कुर्डू, टाकळा, फोडशी, जे काय असेल ते. दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्याकडून अळू आणलं, मस्त फदफदं झालं, सगळ्यांनी दोनदा घेतलं. गेल्या शनिवारी परत त्यांच्याचकडून अळू, तोच कुकर, तीच बायको (तिनेच इथे विचारायला सांगितलंय) आणि दुसऱ्या घासाला घसा असा खवखवायला लागला की विचारू नका, मुलगी रडायला लागली, बाबांनी ताट बाजूला सारलं. अर्धं पातेलं ओतून द्यावं लागलं. भाजी एकच असताना एवढा फरक कसा पडतो?

दुसरं म्हणजे बाबांना दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, डॉक्टरांनी पालक कमी करा सांगितलंय. ते पालक सोडून बाकी सगळं खातात, त्यांचं म्हणणं रानातलं आहे, ना खत ना फवारणी, त्याने कशाला काय होतंय. हे बरोबर आहे का? मला उत्तर देता येत नाही आणि बाबांशी वाद घालायची तर सोयच नाही.

बेलापूरची_काकू

चिंच घातली होती का? आधी ते सांगा. अळूला चिंच नाही म्हणजे खाज आलीच. आमच्याकडे चिरतानाच हाताला तेल चोळून घेतात, नाहीतर संध्याकाळपर्यंत बोटं खाजवत बसा. आम्ही सीकेपी, आमच्यात शेवळं करतात, ती तर अळूच्या वर खाजरी, त्यात काकडं (काकडी नाही हो, काकड नावाच्या झाडाची आंबट हिरवी फळं असतात, शेवळंवालीच सोबत देते) घातल्याशिवाय कोणी पातेल्याला हातच लावत नाही. माझ्या सासूबाई काकडं मिळाली नाहीत तर शेवळं तशीच शेजारणीला देऊन टाकायच्या, करायच्या नाहीत. आणि मग वर सोडे किंवा खिमा घालून... जाऊ दे, भूक लागली.

निवृत्त_बॉटनी_सर

चिंचेचं नंतर बोलू. घोडबंदरवाला, दोन्ही वेळच्या जुड्या आठवतात का? देठ कुठल्या रंगाचे होते, पानं केवढी होती, आणि मावशी काही म्हणाल्या होत्या का?

घोडबंदरवाला

सर, बायकोला विचारून सांगतोय. पहिल्या वेळचे देठ जाड आणि काळपट-जांभळे होते, पानं ताटाएवढी, तिने त्यातल्याच दोन पानांच्या वड्यासुद्धा केल्या होत्या. दुसऱ्या वेळी देठ बारीक आणि हिरवे, पानं तळहाताएवढी. मावशी म्हणाल्या होत्या "ह्ये रानातलं हाय, चांगलं असतंय," म्हणून मी उलट दहा रुपये जास्त देऊन घेतलं. आणि हो काकू, चिंच घातली नव्हती, बाबांना ॲसिडिटी होते म्हणून. दोन शिट्ट्या काढल्या होत्या फक्त.

निवृत्त_बॉटनी_सर

मग चोर सापडला. पहिलं होतं परसातलं, लावलेलं अळू. दुसरं होतं रानअळू, कोकणात याला तेरं म्हणतात. गंमत अशी की दोघांची जात शास्त्राच्या हिशोबाने एकच, कोलोकेशिया एस्कुलेंटा. म्हणजे तुमची भाजी एकच होती आणि नव्हतीही. माणसाने पिढ्यान्पिढ्या कमी खाजणारं रोप निवडून त्याचाच कंद पुढे लावला, त्यातून परसातलं अळू आलं. ओढ्याकाठी आपलं आपण वाढणाऱ्या तेऱ्याला कोणी निवडलेलं नाही, त्याला गुरं, किडे, गोगलगायी सगळ्यांपासून जीव वाचवायचा असतो, तेव्हा त्याची हत्यारं शाबूत आहेत.

हत्यार म्हणजे काय ते सांगतो. मी इथे ठाण्यातच कॉलेजात शिकवायचो आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना दर जुलैत हे दाखवायचो. अळूच्या देठाचा ब्लेडने अगदी पातळ काप घ्यायचा, स्लाइडवर पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप. भिंगाखाली हिरव्या पेशींच्या मधे एखादी लांबट, पिंपासारखी पेशी दिसते आणि तिच्यात सुयांची जुडी, काडेपेटीत काड्या असतात तशी खच्चून भरलेली. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आहेत ते, रॅफाइड म्हणतात. जरा वेळ थांबलं की पेशीत पाणी शिरतं, ती फुगते आणि टोकातून एकेक सुई सुळकन बाहेर पडते. पोरं ओरडायची. एरवी लेक्चरला झोपणारा मुलगासुद्धा त्या दिवशी मायक्रोस्कोपला चिकटायचा. तुमच्या घशात शनिवारी हेच झालं, फक्त हजारोंच्या संख्येने.

आता काकूंच्या चिंचेबद्दल. या सुया पाण्यात विरघळत नाहीत, घरच्या चिंचेनेही विरघळत नाहीत आणि दोन शिट्ट्यांनी तर नाहीच नाही. पण खाज नुसती टोचण्याने येत नाही, सुयांबरोबर प्रोटीन तोडणारी काही द्रव्यं जखमेत जातात असं मानलं जातं, आणि ती भरपूर वेळ शिजवल्यावर निकामी होतात. म्हणून रानअळूला वेळ द्यायचा, निदान परसातल्या अळूच्या दुप्पट. आंबट घालायची पद्धत केरळपासून आसामपर्यंत जिथे जिथे अळू खातात तिथे सगळीकडे आहे, त्यामुळे मी तरी काकूंशी भांडणार नाही.

आणि फक्त रानटी-गावठी एवढाच फरक नसतो. त्याच रोपाचं कोवळं पान आणि जून पान वेगळं, पाण्यात उभं असलेलं आणि कोरड्यात तगलेलं वेगळं. टाकळ्याचं घ्या, पहिल्या पावसात वीतभर आला की खायचा, फुलावर आला की कोणी हात लावत नाही. नुसता जून होतो म्हणून नव्हे. टाकळा हा सोनामुखीचा चुलतभाऊ, पोट साफ करणारी द्रव्यं त्याच्यातही आहेत, आणि दाद-खरजेवर त्याचा पाला लावतात तो काही उगाच नाही. भारंगी तशीच, कडूजहर, उकडून पाणी फेकून, पिळून मग वाल घालून करायची.

बाबांच्या मुतखड्याचं जेवून आल्यावर लिहितो.

पामबीच_रनर

सर आदर आहे पण उगाच लोकांना घाबरवताय असं वाटतं. रानभाजीत केमिकल नसतं, हाच तर तिचा पॉइंट आहे. केमिकल असतं ते मार्केटच्या पालकात. निसर्गाने दिलेलं आहे, आदिवासी पिढ्यान्पिढ्या खातायत, त्यांना कुठे काय होतंय. मी तर म्हणतो मार्केटची भाजी बंदच करावी.

मुरबाडकर_कळव्यात

दादा आमच्याकडं पिढ्यान्पिढ्या खातात ते खरंय पण कशीबी खात नाहीत. माझी आई अजून वेचायला जाते, मी इथं कळव्याला राहतो नोकरीपायी. ती फोडशी आणली की आधी प्रत्येक रोपाच्या बुडातला पांढरा भाग मोडून काढते, धुताना फेस येतो तो जाईपर्यंत धुते. भारंगीचं पहिलं पाणी गुरांनापण नाही ठेवत, गटारात. कुर्डू कोवळा असेल तरच. रानअळू तर ती एकटी आहे म्हणून करत पण नाही, चुलीवर दोन तास कोण बसणार म्हणते. तुमच्या त्या ठाण्याच्या मावशीनं सांगायला पाहिजे होतं की जास्त शिजवा, पण तिला वाटलं असेल माहीत असेल म्हणून. गावात हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना माहीतच असतं.

अजून एक. आपली आपण वेचायला जाऊ नका, येऊरला वगैरे लोक जातात फोटो टाकतात. एकतर ते नॅशनल पार्क आहे, तिथून काही उचलायला परवानगी नाही. दुसरं म्हणजे कळलावीचे कोंब पण त्याच पावसात वर येतात आणि ती विषारी आहे, जीव जाऊ शकतो.

निवृत्त_बॉटनी_सर

मुरबाडकर, आईंना नमस्कार सांगा. फोडशी धुताना येतो तो फेस सॅपोनिनचा, रिठ्याला फेस येतो त्याच जातीचं द्रव्य. आणि येऊरचं निघालंच आहे म्हणून सांगतो, फोडशीच्या सख्ख्या बहिणीचं, सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम, म्हणजे आपल्या बोरिवलीवरूनच ठेवलेलं, येऊरच्या डोंगरापलीकडची बोरिवली.

कळलावीत कोल्चिसिन असतं, गाऊटच्या गोळीत असतं तेच. तेही शंभर टक्के नैसर्गिक आहे, रनरसाहेब.

आता बाबांचं. ऑक्झलेट दोन रूपांत असतं. एक ते सुयांचं, न विरघळणारं, ते घसा खाजवतं पण बरंचसं पोटातून तसंच बाहेर जातं. दुसरं विरघळणारं, ते आतड्यातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात जातं आणि तिथे कॅल्शियमला धरून खडा बनायला मदत करतं. यातली मेख अशी की दुसऱ्याने घसा अजिबात खाजत नाही. पालक खाऊन कधी कोणाचा घसा धरला नाही, पण ऑक्झलेटच्या यादीत तो अगदी वर आहे. म्हणून "खाजलं नाही म्हणजे चाललं" हा हिशोब मुतखडावाल्यांनी करू नये.

आणि पालक सोडून कुर्डू खाल्ला तर काय साधलं? पालक, चाकवत, माठ, राजगिरा, कुर्डू सगळे एका कुळातले, या घराण्यालाच ऑक्झलेट साठवायची सवय आहे. घोळ वेगळ्या कुळातली पण या बाबतीत पालकाच्या तोडीची. चुका तर आंबट लागतो तोच मुळात त्यामुळे. रस्त्याकडेला तीन पाकळ्यांच्या पानांची आंबुशी उगवते ना, तिचं नाव ऑक्झॅलिस, ऑक्झॅलिक ॲसिड हे नावच तिच्या घराण्यावरून पडलंय. उलट मेथीत हे प्रकरण फार कमी, बाबांना मेथी आवडत असेल तर निम्मं काम झालं.

बरं, पालक म्हणजे तरी एक कुठे आहे? अमेरिकेत पालकाची तीनशेच्या आसपास वाणं एकत्र लावून मोजली तेव्हा शंभर ग्रॅम ताज्या पानात साधारण साडेसहाशे मिलिग्रॅमपासून तेराशेच्या जवळपास एवढं ऑक्झलेट निघालं. शेत तेच, खत तेच, आणि दुप्पट फरक. आपण बाजारात "पालक द्या" म्हणतो तेव्हा यातलं कुठलं हातात पडतं ते कोणालाच ठाऊक नसतं.

उकळून पाणी फेकून दिलं की विरघळणाऱ्यातलं ३० ते ८७ टक्के निघून जातं, भाजी कोणती आणि किती वेळ उकळली त्यावर आहे. वाफवून त्यापेक्षा कमी जातं. आणि भाजीबरोबर दही-ताक घ्यायचं, त्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं, ते रक्तापर्यंत पोचत नाही. आपल्याकडे चाकवत ताकातली करतात, पालकही ताकातला करतात. ज्या कोणी पहिल्यांदा केली त्या बाईला मूत्रपिंड कुठे असतं ते माहीत नसेल, पण भाजी बरोबर केली. अर्थात बाबांचा खडा कुठल्या प्रकारचा होता हे डॉक्टरांच्या कागदावर असेल, सगळेच खडे ऑक्झलेटचे नसतात. तो कागद काढा, मग घरात वाद घाला.

पामबीच_रनर

ठीक आहे सर, मान्य. पण मग मार्केटचा पालक वाईट हे तरी बरोबर ना? की तेही नाही?

खारघर_गच्ची

रनर, मी सांगतो, मी पाच वर्षं गच्चीवर पालेभाज्या लावतोय आणि सुरुवातीला मीही अगदी तुमच्यासारखाच होतो, घरचं ते शुद्ध वगैरे. मग वाचायला लागलो तेव्हा कळलं की पालेभाजीत नायट्रेट साठतं, आणि ते युरियाने वाढतं तसंच माझ्या गच्चीवरच्या शेणखत-गांडूळखतानेही वाढू शकतं, रोपाला पिशवीवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. त्यात ऊन कमी असलं की आणखी जास्त, कारण घेतलेलं नायट्रेट पुढे प्रोटीनमधे बदलायला झाडाला उजेड लागतो. म्हणजे आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हाचा पालक आणि जानेवारीतला पालक एक नाही. युरोपात तर लेट्यूससाठी नायट्रेटची कायद्याने ठरवलेली मर्यादाच ऋतूप्रमाणे वेगळी आहे, हिवाळ्यात जास्त चालतं, उन्हाळ्यात कमी. तेव्हापासून मी पालक सकाळी कापायचा सोडून संध्याकाळी कापतो, दिवसभर ऊन खाऊन झाल्यावर.

पण घोळीचं याच्या उलट आहे, ते सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. गच्चीवर एका कुंडीत घोळ आपोआप उगवली होती, कोणी लावली नाही, बारीक पानांची रानघोळ. एप्रिलमधे आम्ही आठ दिवस गावाला गेलो, पाणी नाही, आल्यावर सकाळी सहाला चहा घेऊन वर गेलो आणि सहज दोन पानं तोंडात टाकली, तर केवढी आंबट! कैरी खाल्ल्यासारखं एक डोळा मिटला. संध्याकाळी बायकोला दाखवायला वर नेलं, तिला म्हटलं खाऊन बघ, तर ती म्हणते कुठे आंबट आहे, पाणचट आहे, तुला चहा चढला होता. दुसऱ्या दिवशी तिला सकाळी उठवून नेलं (त्याचे परिणाम वेगळे) तेव्हा पटलं. नंतर कारण सापडलं. पाणी तुटलं की घोळ दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडते, रात्रभर हवेतला कार्बन डायऑक्साइड मॅलिक ॲसिडच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात तो वापरून टाकते. निवडुंग करतो तसं. एरवी घोळ मक्याच्या पद्धतीने उन्हात अन्न बनवते, आणि ही रात्रीची पद्धत ती त्याच पानात त्याच्या जोडीला चालवते, आणि ते आतल्या आत कसं जुळवते याचा येल विद्यापीठाच्या लोकांनी २०२२ साली उलगडा केला. मी पाणी घालायला लागल्यावर आठवड्याभरात सकाळचा आंबटपणा गेला. तर आता सांगा, माझी घोळ आंबट की पाणचट? कुंडी एकच, रोप एकच.

बेलापूरची_काकू

म्हणून माझी आई घोळ उन्हाळ्यातच आणायची वाटतं, म्हणायची पावसाळ्यातल्या घोळीला चव नाही. मी म्हणायचे काहीतरीच तुझं.

आणि अंबाडी? ती पण पाणी तोडल्याने आंबट का?

निवृत्त_बॉटनी_सर

नाही काकू, अंबाडी दिवसरात्र आंबटच. आंबट चवीमागे प्रत्येकीचं ॲसिड वेगळं. चुक्यात ऑक्झॅलिक, चिंचेच्या कोवळ्या पाल्यात टार्टारिक, सकाळच्या घोळीत मॅलिकची भर. जिभेला तिन्ही आंबट, मूत्रपिंडाला फक्त ऑक्झॅलिकशी देणंघेणं.

गच्चीवाले, तुमचा घोळीचा प्रयोग माझ्या काळात कळला असता तर मुलांना सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला बोलवायला मला चांगलं निमित्त मिळालं असतं.

मुरबाडकर_कळव्यात

रनर दादांच्या प्रश्नाचं राहिलंच. मार्केटचा पालक वाईट नाही, कुठं उगवला ते बघा. वाशी मार्केटला नाशिक-पुण्याकडून येतो तो वेगळा आणि रुळाच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर काढतात तो वेगळा. लोकलमधून रोज बघतो, हिरवागार दिसतो, एवढा तजेलदार की हात लावावासा वाटतो.

निवृत्त_बॉटनी_सर

बरोबर. पालेभाज्या जमिनीतलं शिसं-कॅडमियमही ओढतात. पानावर बसलेली धूळ-माती धुऊन जाते, पण मुळांनी आत घेतलेलं कॅडमियम दहा पाण्यांनी धुतलं तरी जात नाही आणि उकळूनही त्याचा भरवसा नाही. याची ना चव लागते ना खाज येते. आणि हे रानभाजीलाही लागू आहे बरं का, डोंगरातला टाकळा वेगळा आणि हायवेच्या दुभाजकात उगवलेला टाकळा वेगळा. दोन्ही कोणी लावलेले नाहीत, म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत.

घोडबंदरवाला

सगळ्यांचे आभार, बायकोने हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला घरात. बाबांचा कागद सापडला, कॅल्शियम ऑक्झलेटच निघाला. बाबा दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, ताकातला चाकवत चालेल म्हणतायत ना तुमचे सर, मग तो कर. बाकीचं काही त्यांनी ऐकलेलं दिसत नाही. डॉक्टरांना सोमवारी विचारतोच आहे.

आज संध्याकाळी स्टेशनला मावशी भेटल्या, त्यांना म्हटलं मागच्या वेळचं अळू लई खाजलं. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "आरं मग येवढुसं शिजवून कसं व्हईल, आन् बोंडं न्हाई घातलीस?" मी म्हटलं कसली बोंडं. त्यांनी पाटीखालून मूठभर हिरवी फळं काढून पिशवीत टाकली, पैसे घेतले नाहीत. काकू, ही तुमचीच काकडं का? फोटो टाकतो, सांगा प्लीज, तोपर्यंत कोणी हात लावणार नाही म्हणतेय बायको.

बेलापूरची_काकू

हो हो, तीच! आता शेवळं शोधा, सीझन संपत आला.